अमेरिकी क्लब युरोपात नेमके कुठे कमी पडतील?

जून २०२५ मध्ये अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमवर इंटर मायामीचे दोन सामने दहा दिवसांच्या अंतराने झाले आणि अमेरिकी फुटबॉलविषयी दोन टोकांची मते बाळगणाऱ्यांना आपापल्या सोयीचा पुरावा मिळाला. १९ जूनला क्लब विश्वचषकाच्या गटसाखळीत मायामीने पोर्तुगालच्या पोर्तोला २-१ असे हरवले. पेनल्टीवर गोल स्वीकारून पिछाडीवर पडलेल्या मायामीला मध्यंतरानंतर लगेच तेलास्को सेगोव्हियाने बरोबरी साधून दिली आणि ५४व्या मिनिटाला लिओनेल मेस्सीने फ्री किक थेट जाळ्यात धाडली. २९ जूनला बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात, त्याच मैदानावर, पॅरिस सेंट-जर्मेनने त्याच मायामीचा ४-० असा धुव्वा उडवला आणि ते चारही गोल मध्यंतरापूर्वीच झाले होते.

पहिल्या सामन्यानंतर मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, युरोपच्या तोडीस तोड झाली असे म्हणणे घाईचे होते आणि दुसऱ्या सामन्यानंतर अमेरिकेला हा खेळ कधी जमणारच नाही असे म्हणणेही तितकेच घाईचे होते. एका दिवसाच्या खेळात एक मोठा खेळाडू पारडे फिरवू शकतो, पण ऑगस्टपासून मेपर्यंत चालणाऱ्या ३८ सामन्यांच्या लीगमध्ये असे होत नाही. म्हणून प्रश्न नीट मांडायला हवा. अमेरिकेतला आजचा सर्वांत बलवान क्लब इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये किंवा स्पेनच्या ला लीगामध्ये पूर्ण हंगाम खेळला, तर तो कितवा येईल? माझे उत्तर स्पष्ट आहे. आजच्या नियमांनी बांधलेला कोणताही एमएलएस क्लब तळाच्या तिघांत राहील आणि खालच्या श्रेणीत जाईल. मात्र त्याचे कारण अमेरिकेत घडलेल्या खेळाडूंच्या कौशल्यात शोधू नये आणि मालकांच्या तिजोरीतही शोधू नये. ते लीगने स्वतः स्वीकारलेल्या नियमांत आहे, आणि तेच मला खटकते, कारण ते टाळता येण्यासारखे आहे.

अमेरिकी क्लब युरोपातल्या लीगमध्ये प्रत्यक्षात खेळण्याची शक्यता नजीकच्या काळात नाही. ला लीगाने व्हिलारियाल आणि बार्सिलोना यांचा एकच सामना डिसेंबर २०२५ मध्ये मायामीत नेण्याचा घाट घातला होता. खेळाडू आणि चाहते यांच्या विरोधानंतर तोही ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. दुसऱ्या देशाच्या लीगमध्ये खेळणे ही गोष्ट तशी नवी नाही: वेल्सचे स्वान्सी आणि कार्डिफ इंग्लंडमध्ये खेळतात, मोनॅको फ्रान्समध्ये खेळतो, टोरंटो, माँट्रियाल आणि व्हँकुव्हर हे कॅनडाचे क्लब तर एमएलएसमध्येच आहेत. पण अटलांटिक ओलांडून दर आठवड्याला खेळणे अशक्य आहे. तरीही हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे, कारण त्याचे उत्तर शोधताना एखादी लीग आपल्या क्लबांना कशी घडवते हे उघड होते.

सुरुवात पैशापासून करावी लागेल. २०२५ मध्ये एमएलएसच्या प्रत्येक क्लबाची पगारमर्यादा ५९ लाख ५० हजार डॉलर होती आणि हा आकडा ज्येष्ठ चमूतल्या, म्हणजे मुख्य संघातल्या, जास्तीत जास्त वीस खेळाडूंसाठी आहे. त्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या यादीनुसार एकट्या मेस्सीचे हमी उत्पन्न २ कोटी ४ लाख डॉलरच्या घरात होते, म्हणजे अख्ख्या चमूच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक. हे शक्य होते ते २००७ मध्ये डेव्हिड बेकहॅम लॉस एंजेलिस गॅलक्सीत आला त्या वेळी केलेल्या अपवादामुळे. प्रत्येक क्लबाला तीनपर्यंत ‘नियुक्त खेळाडू’ घेता येतात आणि त्यांच्या पगाराचा ठरावीक भागच मर्यादेत मोजला जातो. त्याशिवाय लीगकडून मिळणारा वाटपाचा निधी आहे, बावीस वर्षांखालील खेळाडूंसाठी सवलती आहेत. या सगळ्या वाटा वापरूनही चमूचा आकार एका विशिष्ट पद्धतीनेच घडतो: वर दोन-तीन फार महाग खेळाडू, मध्ये काही बरे आणि खाली अगदी स्वस्तातले. २०२४ मध्ये ज्येष्ठ चमूतल्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार सुमारे ९० हजार डॉलर होता. क्लबात मेस्सी आणि असा खेळाडू एकाच खोलीत कपडे बदलतात.

आता हा चमू प्रीमियर लीगमध्ये उतरला असे समजा. पहिल्या काही आठवड्यांत तो अगदीच हास्यास्पद ठरेल असे मला वाटत नाही. पहिले अकरा ताजेतवाने असतील, मैदाने उत्तम हिरवळीची असतील (सिअ‍ॅटल, पोर्टलंड, व्हँकुव्हर, अटलांटा येथे कृत्रिम गवतावर खेळावे लागते) आणि सिअ‍ॅटलहून मायामीपर्यंत चार हजारांहून अधिक किलोमीटर विमानाने जाण्याऐवजी बसने काही तासांत मुक्कामी पोचता येईल. खरी अडचण साठाव्या मिनिटानंतर दिसू लागेल. समोरचा संघ आपापल्या देशांकडून खेळणारे तीन-चार ताजे खेळाडू मैदानात उतरवेल, आणि आपल्या प्रशिक्षकाला बाकाकडे पाहिल्यावर महाविद्यालयीन स्पर्धेतून निवडलेला एखादा तरुण, उतारवयातला एखादा बचावपटू आणि अकादमीतली दोन पोरे दिसतील. नोव्हेंबरात एक-दोन जण जायबंदी होतील. डिसेंबरात दर तीन-चार दिवसांनी सामना असेल. मग जे खेळाडू बारावे ते विसावे म्हणून ठेवले होते, त्यांनाच सुरुवातीपासून खेळवावे लागेल. लीगमधले स्थान याच लोकांच्या खेळावर ठरते, आणि नेमक्या त्यांच्यावरच खर्च करण्याची मुभा एमएलएस आपल्या क्लबांना देत नाही.

या मताला शंका असणाऱ्यांनी इंग्लंडच्याच दुसऱ्या श्रेणीतून वर आलेल्या क्लबांचे काय होते ते पाहावे. २०२३-२४ च्या हंगामात ल्युटन, बर्नली आणि शेफिल्ड युनायटेड हे तिघे वर आले आणि तिघेही त्याच हंगामात खाली गेले. शेफिल्डने १०४ गोल स्वीकारले. पुढच्या वर्षी लेस्टर, इप्सविच आणि साउथॅम्प्टन यांचीही तीच गत झाली आणि साउथॅम्प्टनला ३८ सामन्यांत केवळ १२ गुण मिळाले. हे क्लब याच व्यवस्थेत वाढलेले आहेत, त्यांना हवामान, पंच आणि खेळाचा वेग यांची सवय आहे, शिवाय तळाला राहूनही प्रीमियर लीगच्या प्रक्षेपण हक्कांतून प्रत्येकी १० कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळते. याउलट, एमएलएसने २०२२ मध्ये अ‍ॅपलशी केलेला करार दहा वर्षांसाठी २५० कोटी डॉलरचा होता, म्हणजे साऱ्या लीगला मिळून वर्षाला २५ कोटी डॉलर. इंग्लंडमधला शेवटचा क्लब एकटा त्यातल्या निम्म्याहून अधिक रक्कम घरी नेतो. साउथॅम्प्टनला जे जमले नाही ते एमएलएसच्या चमूला जमेल, असे मानायला मला एकही सबळ कारण दिसत नाही.

पण म्हणून अमेरिकेत खेळलेल्या माणसाला युरोपात जागा नाही, असा निष्कर्ष काढणे साफ चूक आहे. व्हॅलेंतिन ‘ताती’ कास्तेयानोस या अर्जेंटिनाच्या आघाडीवीराने २०२१ मध्ये न्यूयॉर्क सिटीकडून एमएलएसमध्ये सर्वाधिक गोल केले आणि त्याच वर्षी त्या क्लबाने विजेतेपदही मिळवले. पुढच्या वर्षी तो उसनवारीवर स्पेनच्या जिरोनाकडे गेला आणि २५ एप्रिल २०२३ रोजी त्याने रेआल माद्रिदविरुद्ध एकट्याने चार गोल केले. जिरोनाने तो सामना ४-२ असा जिंकला. मिगेल अल्मिरोन अटलांटाहून न्यूकॅसलला गेला आणि तिथे स्थिरावला. अल्फोन्सो डेव्हिस व्हँकुव्हरच्या मैदानावर वाढला आणि बायर्न म्युनिकचा भरवशाचा डावा बचावपटू झाला. टायलर अ‍ॅडम्स न्यूयॉर्क रेड बुल्समधून लाइपझिगला आणि तिथून पुढे प्रीमियर लीगमध्ये पोचला. अशा खेळाडूंची यादी दर वर्षी लांबत चालली आहे.

कास्तेयानोसच्या उदाहरणाकडे मी पुन्हा वळतो, कारण त्यात या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. न्यूयॉर्क सिटी आणि जिरोना हे दोन्ही क्लब सिटी फुटबॉल ग्रुपच्या छत्राखाली आहेत. मँचेस्टर सिटीचा मालकही हाच समूह. जिरोना हे सुमारे एक लाख वस्तीचे शहर आहे आणि तिथल्या माँटिलिव्ही मैदानात जेमतेम चौदा हजार प्रेक्षक मावतात. न्यूयॉर्कची वस्ती ऐंशी लाखांच्या पुढे आहे. मालक एकच, खेळाडू हेरणारी यंत्रणा एकच, प्रशिक्षणाची पद्धत एकच, आणि तरीही २०२३-२४ मध्ये जिरोना ला लीगामध्ये तिसरा आला, तर न्यूयॉर्क सिटीला आजही बेसबॉलसाठी बांधलेल्या यांकी स्टेडियममध्ये आखूड मैदान आखून खेळावे लागते. स्पेनमध्येही खर्चावर मर्यादा आहे हे खरे. पण तिथली मर्यादा प्रत्येक क्लबाच्या स्वतःच्या उत्पन्नाशी जोडलेली आहे. जो क्लब अधिक कमावतो, चांगले खेळाडू विकतो आणि हिशेब चोख ठेवतो, त्याला अधिक खर्च करता येतो. एमएलएसमध्ये मर्यादा सर्वांना सारखी आहे, त्यामुळे कर्तबगार क्लबालाही एका ठरावीक उंचीपलीकडे डोके वर काढता येत नाही.

हेच स्टॅन क्रोएंके यांच्या बाबतीत दिसते. त्यांच्या कंपनीकडे लंडनचा आर्सेनल आहे आणि डेन्व्हरजवळचा कोलोरॅडो रॅपिड्सही आहे. आर्सेनलसाठी एकेका खेळाडूवर कित्येक कोटी पौंड मोजणारा हा मालक कोलोरॅडोत सर्वसाधारण संघ चालवतो. प्रीमियर लीगमधल्या क्लबांचे मालक पाहिले तर लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, चेल्सी, बोर्नमथ अशा कित्येक ठिकाणी अमेरिकी भांडवलच दिसते. अमेरिकेत फुटबॉलसाठी पैसा नाही असे म्हणायची सोयच राहत नाही. २०२५ मध्ये एमएलएसचा तिसावा क्लब म्हणून आलेल्या सॅन डिएगोच्या मालकांनी केवळ प्रवेशासाठी ५० कोटी डॉलर मोजले. एवढ्या रकमेत युरोपातल्या मोठ्या लीगमधला एखादा मध्यम क्लब विकत घेता येतो. पैसा प्रवेशद्वारावर भरला जातो आणि मैदानापर्यंत पोचत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

ही व्यवस्था कोणी अविचाराने उभी केलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९६८ साली सुरू झालेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगने पेले, बेकनबाउअर अशा दिग्गजांना आणले, न्यूयॉर्क कॉसमॉसने जगभर नाव कमावले. सप्टेंबर १९७७ मध्ये हाच कॉसमॉस पेलेंसह कोलकात्याला आला होता आणि ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी २-२ अशी बरोबरी करून गेला, हे आपल्याकडच्या जुन्या फुटबॉलप्रेमींना आजही आठवते. पण बाकीचे क्लब कॉसमॉसच्या खर्चाशी स्पर्धा करताना बुडाले आणि १९८४ नंतर ती लीगच उरली नाही. १९९६ मध्ये दहा संघांनिशी एमएलएस सुरू करताना तोच धडा समोर होता. म्हणून खेळाडूंशी करार क्लबाने न करता थेट लीगने करायचा, मालकांनी नफातोटा वाटून घ्यायचा आणि कोणालाच फार पुढे जाऊ द्यायचे नाही, अशी रचना झाली. तीही सहज तगली नाही. जानेवारी २००२ मध्ये टॅम्पा बे आणि मायामी हे दोन क्लब बंद करावे लागले आणि एक काळ असा होता की दहापैकी सहा क्लब फिलिप अ‍ॅनशुट्झ या एकाच उद्योगपतीकडे होते. त्या दिवसांत पगारमर्यादेने लीगला जिवंत ठेवले याबद्दल मला शंका नाही.

मात्र रुग्णाला दिलेले पथ्य तो बरा झाल्यावरही तसेच चालू ठेवले तर त्याची ताकद वाढत नाही. आज लीगमध्ये तीस क्लब आहेत, त्यांतल्या काहींची किंमत फोर्ब्सने शंभर कोटी डॉलरच्या वर धरली आहे आणि अटलांटासारख्या शहरात सामन्याला चाळीस हजारांवर गर्दी होते. अशा वेळी बारावा खेळाडू चांगला घेतल्याबद्दल शिक्षा होणे योग्य नव्हे. ती प्रत्यक्षात होते. फ्रान्सकडून २०१८ चा विश्वचषक जिंकलेला ब्लेझ मात्युइदी २०२० मध्ये मायामीत आला, तेव्हा त्याचा खरा मोबदला नियमांत बसत नव्हता. २०२१ मध्ये चौकशीअंती क्लबाला २० लाख डॉलर दंड झाला आणि पुढच्या हंगामांतला वाटपाचा निधीही कापला गेला. नियम मोडला तर दंड व्हावा, यात वाद नाही. पण सर्व सोपस्कार पाळून असा खेळाडू घेण्यास वाव नसणे, हे या लीगचे खरे दुखणे आहे.

दुसरे दुखणे खाली जाण्याची भीती नसणे हे आहे. टोरंटोने २०२२ मध्ये इटलीकडून युरो जिंकलेल्या लोरेंझो इनसिन्ये आणि फेदेरिको बेर्नार्देस्की यांना आणले. इनसिन्ये लीगमधल्या सर्वाधिक पगार घेणाऱ्यांपैकी होता. २०२३ च्या हंगामात हाच संघ सर्व क्लबांत शेवटचा आला. इंग्लंडमध्ये असे झाले असते तर क्लबाचे उत्पन्न कोसळले असते, खेळाडू विकावे लागले असते, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक बदलले असते आणि शहरभर त्याची चर्चा झाली असती. टोरंटोने पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये पुन्हा शून्य गुणांपासून सुरुवात केली. तीसपैकी अठरा संघ बाद फेरीत जातात, त्यामुळे मधल्या फळीतल्या संघांनाही हंगामभर जिवाची बाजी लावण्याची गरज उरत नाही. मार्चपासून मेपर्यंत प्रत्येक गुणासाठी झगडण्याची जी सवय बोर्नमथ किंवा गेताफेसारख्या लहान क्लबांच्या अंगी मुरलेली असते, ती कोणत्याही प्रशिक्षकाला एका उन्हाळ्यात शिकवता येत नाही.

उत्तर अमेरिकेतच याचा पडताळा मिळतो. मेक्सिकोचे क्लब पगारावर मोकळेपणाने खर्च करतात आणि त्यांचे राखीव खेळाडूही दमदार असतात. विभागीय चॅम्पियन्स स्पर्धा २००८ मध्ये नव्या स्वरूपात आल्यापासून २०२५ पर्यंत एमएलएसच्या एकाच क्लबाने ती जिंकली, तो म्हणजे २०२२ मधला सिअ‍ॅटल साउंडर्स. त्यानंतर लॉस एंजेलिस एफसी, कोलंबस आणि व्हँकुव्हर अंतिम फेरीत हरले. व्हँकुव्हरला २०२५ मध्ये मेक्सिकोच्या क्रूझ अझुलने ५-० असे चिरडले. २०२५ च्या क्लब विश्वचषकात सिअ‍ॅटलने गटातले तिन्ही सामने गमावले आणि लॉस एंजेलिस एफसीला तीन सामन्यांत एकच गुण मिळाला. मायामीचा पोर्तोवरचा विजय या पार्श्वभूमीवर पाहिला की त्याचे मोल कळते आणि त्याची मर्यादाही कळते.

सर्व क्लबांची ताकद सारखी राहावी, म्हणजे समतोल टिकावा, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा वर्षे जर्मनीचे विजेतेपद स्वतःकडे ठेवले, आणि अशा लीगमध्ये हॅनोव्हर किंवा माइंझच्या चाहत्याने कसली आशा धरायची हा प्रश्न रास्त आहे. एमएलएसमध्ये जवळपास दरवर्षी नवा विजेता असतो आणि त्यातली उत्सुकता खरी असते. पण समतोल राखायचा तर तो वरच्या पातळीवरही राखता येतो. सर्वांसाठी मर्यादा चौपट करा, ती उत्पन्नाशी जोडा, चमूतल्या प्रत्येक जागेवर सारखा पैसा लावण्याची मोकळीक द्या, तरीही सॉल्ट लेक सिटी आणि लॉस एंजेलिस यांच्यात आजच्या इतकीच चुरस राहू शकेल. मालकांच्या गुंतवणुकीचे काय, हा युक्तिवाद मला त्याहून कमजोर वाटतो. इंग्लंडमध्ये खाली जाण्याचा धोका डोळ्यांसमोर असूनही अमेरिकी मालकच रांगेत उभे आहेत. रेक्सहॅमसारखा पाचव्या श्रेणीतला क्लब तर दोन अभिनेत्यांनी हौसेने घेतला आणि सलग तीन बढत्यांनंतर तो २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीत पोचला.

या चर्चेशी आपलाही संबंध आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगची घडण बरीचशी अमेरिकी धाटणीची, बंद दारांची होती. ही लीग सर्वोच्च ठरणार आणि तिच्यात खेळून पात्र होण्याची वाट राहणार नाही, असे चित्र दिसताच २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग या तोवरच्या देशातल्या सर्वोच्च लीगमधून माघार घेतली आणि धेंपोही बाहेर पडला. गोव्यात पिढ्यानपिढ्या ज्या क्लबांनी खेळाडू घडवले, त्यांना शिडीच काढून घेतल्याचा अनुभव आला. आय-लीगच्या विजेत्याला वर येण्याची संधी पुढे मिळाली, पण तोवर मडगाव आणि वास्कोतल्या मैदानांवरची वर्दळ ओसरली होती. अमेरिकेची रचना उचलताना तिच्या मागची आर्थिक अडचण आणि तिची किंमत या दोन्ही गोष्टींचा आपण पुरेसा विचार केला नाही, असे मला ठामपणे वाटते.

एमएलएसने आता एक पाऊल उचलले आहे. जुलै २०२७ पासून तिचा हंगाम युरोपप्रमाणे उन्हाळ्यात सुरू होऊन पुढच्या वसंतात संपेल. खेळाडूंची खरेदी-विक्री त्यामुळे सुकर होईल आणि ऐन हंगामात खेळाडू निघून जाण्याचा त्रास कमी होईल. पण वेळापत्रक बदलून बाकावरचा खेळाडू बदलणार नाही. खेळाडूंच्या संघटनेशी झालेला सध्याचा सामूहिक करार २०२८ च्या सुरुवातीस संपतो, आणि पगाराचे नियम मुळापासून बदलायचे असतील तर त्याच वाटाघाटींत बदलले पाहिजेत. मर्यादा उत्पन्नाशी जोडली गेली आणि दुसऱ्या श्रेणीसाठी दार उघडले, तर लॉस एंजेलिस, सिअ‍ॅटल किंवा अटलांटा यांच्यासारखा क्लब पाच-सहा वर्षांत ला लीगाच्या मधल्या जागांना साजेसा चमू उभारू शकेल, असा माझा अंदाज आहे. तसे झाले नाही, तर कितीही मोठा तारा आणला तरी डिसेंबर उजाडेपर्यंत त्या क्लबाला तळातून वर येणे कठीण जाईल.